थोरल्याचं जाड, धाकट्याचं पातळ

सोमवारी धाकटा यायचा आणि पातळ तेल मागायचा. गुरुवार उजाडला की थोरला यायचा आणि जाड तेल मागायचा. गाडी एकच, तिचं इंजिन एकच, आणि त्या इंजिनात काय ओतायचं यावरून दोन सख्ख्या भावांनी एकमेकांशी बोलणं टाकलं होतं. बोलायचे ते ताईशी. ताई दोघांहून मोठी, शिवाय तेलाचं आणि सुट्या भागांचं दुकान तिचं, त्यामुळे डोकं खायला तिच्याइतकी सोयीची बाई सगळ्या गावात दुसरी नव्हती.

"तुझ्या भावाला सांग," धाकटा काउंटरवर कोपर टेकून म्हणायचा, "पहाटेच्या गारठ्यात ते जाड तेल म्हणजे डांबर होतं, डांबर. सेल्फ मारून मारून बॅटरी मेली आज. पॅसेंजर उतरून चालत गेले."

"तुझ्या भावाला सांग," थोरला दारातूनच सुरू व्हायचा, "खालच्या उन्हात ते पातळ तेल म्हणजे नुसतं पाणी. तेलाचा लाल दिवा लुकलुकायला लागतो. उद्या इंजिन जाम झालं की मग बसा बोंबलत."

"तो तुझाही भाऊच आहे," ताई म्हणायची. हे वाक्य तिने इतक्या वेळा म्हटलं होतं की आता ते म्हणताना ती हिशेबाची वहीसुद्धा बाजूला ठेवत नसे.

यातला वैताग असा की दोघंही खरं बोलत होते. गाव डोंगराच्या माथ्यावर. हिवाळ्यात पहाटे गाडीच्या काचेवर बर्फाचा पापुद्रा धरायचा आणि तो खरवडून काढावा लागायचा. तीच गाडी घाट उतरून खालच्या खोऱ्यात गेली की अंगातला स्वेटर काढून मांडीवर घ्यायचा, आणि दुपारी तर बॉनेटला हात लावायची सोय नसायची. पहाटेच्या फेऱ्या धाकट्याच्या, म्हणजे थंडीतली गाडी त्याची. दुपारनंतर खोऱ्यातली भाडी थोरल्याची, म्हणजे उन्हातली गाडी त्याची. थंडीत तेल घट्ट होतं, उन्हात सैल पडतं, एवढी साधी गोष्ट. ज्याने त्याने आपापल्या वेळेपुरती ती बरोबर ओळखली होती आणि दुसऱ्याला वेड्यात काढलं होतं.

बरं, नुसतं भांडून थांबले असते तरी ताईने सोसलं असतं. पण धाकट्याने आपलं तेल भरलं की चार दिवसांत थोरला गाडीखाली शिरून चेंबरचा नट उघडायचा, धड काळंही न झालेलं तेल घमेल्यात सोडायचा आणि आपलं भरायचा. पुढच्या आठवड्यात धाकटा तेच करायचा. गिऱ्हाइकं हसायची. "ताई, तुमचा धंदा तर घरच्या घरीच चालतो," असं कुणी म्हटलं की तिला ते हसणं लागायचं, पण तोंडावर बोलून दाखवता येत नसे.

याचं मूळ होतं त्यांच्या वडिलांपाशी. ही जीप त्यांचीच. बाबा उन्हाळा लागला की जाड तेल भरायचे आणि हिवाळा लागला की पातळ. डबा उघडला की दोन थेंब चिमटीत घेऊन चोळायचे, मान डोलवायचे, आणि मगच ओतायचे. थोरला गाडी शिकला तो भर उन्हाळ्यात, धाकटा शिकला तो आठ-नऊ वर्षांनी, कडाक्याच्या हिवाळ्यात. बाबा शिकवायचे एकच मोसम, त्यानंतर त्यांना कंटाळा यायचा. त्यामुळे थोरल्याच्या डोळ्यांसमोर कायमचं जाड तेल राहिलं आणि धाकट्याच्या डोळ्यांसमोर पातळ. आता दोघंही छातीवर हात ठेवून सांगायचे, "बाबा हेच घालायचे." म्हणजे तेल बदलायचं म्हटलं की ज्याला त्याला वाटायचं, दुसरा आपल्या बापाला खोटं पाडतोय.

"अरे, दोन्ही घालायचे," ताई सांगायची. "मी काउंटरवर बसायचे ना! उन्हाळ्यात हा डबा द्यायचे, हिवाळ्यात तो."

"तू कुठे गाडी चालवतेस?" धाकटा म्हणायचा.

"तुला त्यातलं कळायचं नाही," थोरला म्हणायचा. वेगवेगळ्या दिवशी, पण अगदी एकाच सुरात.

आणि उपाय तर फळीवर समोरच होता. पिवळा डबा, त्यावर पाच डब्ल्यू चाळीस असं लिहिलेलं. ताईने दोघांना कितीदा समजावलं असेल! "हे बघ, डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीचा. तो जितका लहान, तितकं गारठ्यात तेल सहज पळतं, सेल्फ मारला की लगेच वरपर्यंत पोचतं. मागचा आकडा इंजिन तापल्यानंतरचा. तो जितका मोठा, तितकं उन्हातही तेल अंग धरून राहतं. आपल्याला वर थंडी, खाली ऊन. मग दोन्ही सोसणारं तेल नको का? यात तुझ्या जाड तेलाचा चाळीस आहे, आणि त्याची थंडीसुद्धा सोसली जाते."

यावर थोरल्याने नाक मुरडलं होतं. दोन्हीकडे चालणारी वस्तू कुठेच धड चालत नाही, असं त्याचं म्हणणं. धाकट्याला विचारलं तर त्याने तेच, शब्दाला शब्द, म्हणून दाखवलं. भावाभावांचं एकमत झालं ते नेमकं ताईला चूक ठरवण्यापुरतं. त्या दिवशी तिने दुकान लवकर बंद केलं आणि घरी जाऊन भांडी आपटली.

एरवी तिने हेही चालवून घेतलं असतं. पण या हिवाळ्यात तिला जायचं होतं. तिची मुलगी दूर, दिवसभराच्या रेल्वेच्या अंतरावर राहायची. तिचं दुसरं बाळंतपण जवळ आलं होतं, जावई कामावर बाहेरगावी, आणि घरात मोठं मूल जेमतेम चालायला लागलेलं. पहिल्या वेळी ताईने बॅग भरली होती. ऐन त्याच दिवशी या दोघांनी खालच्या बाजारात चारचौघांत एकमेकांची गचांडी धरली, गाडी तिथेच राहिली, आणि ताई मिटवामिटवीला थांबली. उद्या जाऊ, परवा जाऊ करता करता नात जन्मली. मुलीने फोनवर रागही केला नाही. नुसतं "बरं" म्हणाली. तो "बरं" ताईच्या मनात अजून रुतून होता.

या वेळी मुलगी म्हणाली, "आई, जमलं तर ये."

जमलं तर! आईला असं म्हणायची वेळ पोटच्या पोरीवर यावी, याची ताईला इतकी लाज वाटली की फोन ठेवल्यावर ती बराच वेळ काउंटरमागे नुसती बसून राहिली. मग तिने तिकीट काढायला सांगितलं. रेल्वे खालच्या स्टेशनवरून सकाळी सुटायची, म्हणजे पहाटे गाडी वर सुरू झाली पाहिजे आणि खाली पोचेपर्यंत तिने मान टाकता कामा नये. आदल्या दिवशी दुपारी तिने शेजारच्या गॅरेजमधल्या मिस्त्रींना बोलावून जीपमधलं होतं नव्हतं तेल काढून टाकलं, फिल्टर बदलला, आणि पिवळ्या डब्यातलं पाच डब्ल्यू चाळीस स्वतःच्या डोळ्यांदेखत भरून घेतलं. डिपस्टिक पुसून, बुडवून, पुन्हा काढून पाहिली. तेल बरोबर वरच्या खुणेला होतं.

मग तिने दोघा भावांना वेगवेगळं गाठून बजावलं.

"उद्या मी स्टेशनवर पोचेपर्यंत चेंबरच्या नटाला हात लावायचा नाही. माझी शपथ घे."

"नाही लावणार गं," थोरला म्हणाला.

"नटाला ना? नाही लावणार," धाकटा म्हणाला.

दोघांनी शपथ घेतली. ताईला बरं वाटलं. त्या दिवशी तिला पहिल्यांदा वाटलं की आपण उगाच त्रागा करतो, पोरं तशी वाईट नाहीत.

पहाटे धाकटा गाडी घेऊन दारात आला तेव्हा थोरला आधीच ओट्यावर मफलर गुंडाळून उभा होता.

"तू कशाला?" ताईने विचारलं.

"घाट उतरल्यावरचा रस्ता माझा आहे," थोरला म्हणाला. "खालच्या उन्हात गाडी कशी सांभाळायची हे ज्याला माहीत नाही त्याच्या भरवशावर तुला कसं सोडू?"

"त्याला म्हणावं, मागे बस," धाकटा समोरच्या काचेकडे बघत म्हणाला.

"त्याला म्हणावं, मी मागेच बसणार होतो."

ताई पुढे बसली, थोरला मागे तिची बॅग मांडीवर घेऊन बसला. गाडी सुरू झाली खरी, पण आवाज तिला बरा वाटला नाही. इंजिन जड, घुसमटल्यासारखं चालत होतं. मागे पाहिलं तर निळसर पांढरा धूर. "थंडीचा आहे," धाकटा म्हणाला. मागून थोरला खाकरला, पण काही बोलला नाही, आणि तो गप्प बसला याचंच ताईला नवल वाटलं.

पुढचा प्रवास म्हणजे ताईच्या दोन्ही कानांना शिक्षा होती.

"ताई, त्याला सांग, उतारावर गिअर खाली घे."

"ताई, त्याला सांग, मला गाडी येते."

"ताई, त्याला विचार, हा धूर अजून थंडीचाच आहे का?"

"ताई, त्याला—"

"मी काय टपाल कचेरी आहे?" ताई ओरडली. "एकाच गाडीत बसलाय दोघं! बोला की तोंडाने!"

घाटाच्या मध्यावर, रुंद वळणाशी, तेलाचा लाल दिवा लागला. लुकलुकला नाही, सरळ लागला. आणि बॉनेटच्या फटीतून जळक्या तेलाचा वास आत आला.

"बंद कर," ताई म्हणाली. "आत्ताच्या आत्ता बंद कर."

गाडी कडेला उभी राहिली. ताई उतरली, बॉनेट उघडायला लावलं, स्वतः डिपस्टिक ओढून काढली. तेल वरच्या खुणेला नव्हतं. खुणेच्या कितीतरी वर, पट्टीला अंगठाभर चढलेलं होतं, आणि त्याला फेस होता. खाली इंजिनच्या बुडाशी सीलमधून थेंब थेंब गळून दगडावर डाग पडत होता.

तिने डिपस्टिक हातात धरून दोघांकडे पाहिलं.

"कुणी?"

थोरल्याने बॅग दुसऱ्या हातात घेतली, धाकटा बॉनेटची दांडी उगाच सारखी करू लागला.

"मी विचारतेय, कुणी ओतलं?"

"मी नटाला हात नाही लावला," थोरला म्हणाला. "शपथ घेतली होती ना. पण खालच्या उन्हात तू अडकलीस तर? म्हणून संध्याकाळी वरून थोडं घातलं. आपलं जाड. एकच डबा."

ताईने हळूच धाकट्याकडे मान वळवली.

"मीपण नटाला हात नाही लावला," धाकटा म्हणाला. आता त्याचा आवाज खाली गेला होता. "पहाटे गाडी सुरू झाली नसती तर तुझी रेल्वे चुकली असती. म्हणून उठल्यावर वरून थोडं पातळ सोडलं. म्हणजे, तुझ्यासाठीच."

"डिपस्टिक बघितलीस?"

"अंधार होता."

"आणि तू?"

"एवढ्या तेवढ्याने काय होतं, म्हटलं," थोरला पुटपुटला.

ताईने कपाळावर हात मारला. आधी तिला हसूच फुटलं, आणि त्या हसण्यातून जे बाहेर पडलं ते कित्येक हिवाळ्यांचं साचलेलं होतं.

"चेंबरमध्ये तेल जास्त झालं की आतला दांडा ते घुसळतो, त्याचा फेस होतो, आणि फेसाने इंजिन चालत नाही! हे तुम्हाला मी सांगायचं? रोज गाडी चालवणाऱ्यांना? जाडही घातलं, पातळही घातलं, आणि वर म्हणे माझ्यासाठी! माझी मुलगी तिथे एकटी आहे. ती मला 'जमलं तर ये' म्हणते. तुमच्यामुळे म्हणते! एकाला जाड दिसतं, एकाला पातळ दिसतं, दोघांच्या मधे बसलेली मी कुणाला दिसत नाही. बाबा गेल्यापासून तुमचे निरोप वाहतेय मी. आता कंटाळा आला मला तुमचा. दोघांचाही. अगदी मनापासून कंटाळा आला."

शेवटचं वाक्य ती ओरडून बोलली नाही, आणि त्यामुळेच दोघंही दचकले. थोरल्याने बॅग खाली ठेवली. धाकट्याने सीटखालचा पाना काढला.

"जास्तीचं तेल काढलं की होईल, ताई," तो म्हणाला. "घमेलं आहे मागे."

"काढा," ताई म्हणाली. "मला सांगू नका. काढा."

दोघं गाडीखाली सरपटले. जागा एवढीशी की एकाने पाना धरला तर दुसऱ्याला घमेलं धरण्यावाचून गत्यंतर नव्हतं. तेल अजून पोळत होतं. नट पूर्ण उघडला तर सगळंच वाहून जाणार, थोडाच सैल करायचा आणि वेळेत आवळायचा, म्हणजे दोघांचे हात एकाच क्षणी चालले पाहिजेत. ताई रस्त्याच्या कडेला उभी राहून घड्याळाकडे बघत होती. थोडा वेळ खालून नुसती धातूची खडखड आली.

एवढ्यात वरून भाजीचा ट्रक उतरला. ट्रकवाला तिच्या दुकानाचं जुनं गिऱ्हाईक. ताईला वळणावर उभी पाहून त्याने ब्रेक मारला.

"ताई, इथे कुठे?"

"स्टेशनला निघाले होते."

"बसा की. मी त्याच वाटेने चाललोय."

ताईने जीपकडे पाहिलं. चार पाय बाहेर आले होते, दोन काळे बूट, दोन तपकिरी.

"अरे, पाना सरळ धर ना!" खालून थोरल्याचा आवाज आला.

"तू घमेलं हलवू नकोस आधी, दादा! हात भाजला माझा!"

"मग एवढा उघडलास कशाला? आवळ! आवळ म्हणतो ना!"

"फिरत नाहीये! तूच ये इकडून!"

"सरक मग!"

ताईच्या हातात बॅगेचा पट्टा होता, तो तिने घट्ट धरला. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा ते 'ताई, त्याला सांग' न म्हणता एकमेकांवर ओरडत होते. तिला वाटलं, थांबावं, खाली वाकावं, निदान बघावं तरी. शिवाय तो नट नीट आवळला जाईल की नाही, आणि उरलेलं तेल खुणेवर आणताना हे दोघं पुन्हा काय घोळ घालतील, याचा काही नेम नव्हता. डिपस्टिक कशी पुसायची तेही सांगायला हवं होतं. असं काही ना काही सांगायला हवंच असतं म्हणून ती मागच्या वेळी थांबली होती.

तिने बॅग उचलून ट्रकच्या केबिनमध्ये टाकली आणि पायरीवर पाय दिला.

"त्यांना सांगायचं नाही का?" ट्रकवाल्याने विचारलं.

"नाही," ताई म्हणाली. "चला तुम्ही."

"ताई! दोनच मिनिटं!" जीपखालून दोघं एकदम ओरडले. ट्रक वळणापलीकडे गेला तरी त्या हाका ऐकू येत होत्या. ताई समोर बघत राहिली. तिचा राग अजून उतरला नव्हता.

घाट संपता संपता फोनला रेंज आली. तिने मुलीला फोन लावला. पहिल्याच रिंगला उचलला गेला.

"आई? इतक्या सकाळी?" मुलगी म्हणाली, आणि मग लगेच, समजूतदारपणे, "गाडी बंद पडली ना? असू दे गं. मला वाटलंच होतं. तू धावपळ करू नकोस. मामांचं बघ आधी. मी करते काहीतरी."

"बंद पडलीय," ताई म्हणाली. "घाटात उभी आहे. मामा गाडीखाली आहेत दोघंही. आणि मी येतेय."

पलीकडे मुलगी रडायला लागली, लहानपणी रडायची तशी, हुंदके देत.

"अगं, रडतेस काय? संध्याकाळपर्यंत पोचते मी!" ताई फोनवर खेकसली. "आणि मोठ्याने रडू नकोस, ती पोर उठेल." मग ती स्वतःच एका हाताने बॅगेत रुमाल शोधू लागली.